उपास, उपासमार आणि पहिला घास

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा संपादक मंडळाने आम्हाला इतिहासावर काहीतरी लिहा म्हणून सांगितले. विहाराची जागा कशी मिळाली, पत्रे कुणी दिले, मूर्ती कुठून आणली हे आता वस्तीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. तेच पुन्हा लिहिण्यात अर्थ नव्हता. म्हणून आम्ही विषय घेतला तो भुकेचा. सातारा-सांगलीकडच्या आपल्या माणसांच्या भुकेचा, आणि भुकेनंतर अन्नाकडे परत कसे यायचे याचा. काहींना हा विषय स्मरणिकेला शोभणारा वाटणार नाही. पण त्यामागे कारण आहे आणि ते आधी सांगतो.

मध्यंतरी आपल्या स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी आपले एक ज्येष्ठ कार्यकर्ते कचेरीसमोर उपोषणाला बसले होते. नऊ दिवस बसले. पाणी, कधी चिमूटभर मीठ, बाकी काही नाही. नवव्या दिवशी दुपारी लेखी आश्वासन मिळाले. मोसंबीचा रस पाजला, फोटो काढले, जयभीमच्या घोषणा झाल्या आणि हलगी वाजवत त्यांना वस्तीत आणले. इथपर्यंत सगळे बरोबर होते. पुढची चूक आमची. त्याच संध्याकाळी आम्ही मोठ्या मायेने त्यांच्यापुढे पुरणपोळी, दूध-तूप आणि भाताचे ताट ठेवले. ‘नऊ दिवसांचं भरून काढा’ असे म्हणत आग्रह करकरून वाढले. तेही जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांचे पाय सुजले, धाप लागली, बोलण्यात चूक होऊ लागली. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की उपोषण सुटल्यावर यांना काय खायला घातले? आम्ही सांगितले. डॉक्टर काही वेळ बोललेच नाहीत. नऊ दिवस उपाशी राहून जो माणूस मेला नाही, तो आमच्या पंगतीने गेला असता. ते वाचले, हे आपले भाग्य.

ही गोष्ट आम्ही वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आत्यांना सांगितली. त्यांचे माहेर माणदेशातले. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, ‘अरं, शिकलीसवरली पोरं तुम्ही, एवढं ठावं नाय? भुकेल्याला भाकरी नाय द्यायची. आधी कळण द्यायचं. हुलग्याचं. दोन दिस कळण, मग माडगं, मग भाकरीचा तुकडा.’ हे त्यांना कुणी शिकवले असे विचारले, तर म्हणाल्या, ‘दुष्काळानं.’

तिथून आम्ही हा धागा धरून मागे मागे गेलो.

आत्या बोलत होत्या तो १९७२ चा दुष्काळ. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा तेव्हा करपला होता. आपल्या आधीच्या पिढीतले कितीतरी लोक खडी फोडायला, नालाबांध घालायला, पाझर तलावाच्या कामावर होते. रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्या आठवणी घरोघर आहेत. त्या आठवणी सांगताना माणसे हसतात, हे आमच्या लक्षात आले आहे. मिलोची भाकरी कशी चिवट व्हायची, सुकडी पोरे कशी खिशात लपवायची, असे सांगत हसतात आणि मग मध्येच गप्प होतात. त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर उभी राहिली. तिचा पहिला प्रयोग त्याआधी, १९६५ साली, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने झाला होता. मागेल त्याला काम हा कायदा १९७७ साली झाला. आपल्या भागाने देशाला काय दिले असे कुणी विचारले तर हेही सांगावे.

त्याच्या आधीचा मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ चा. त्या वेळी सातारा-सांगली असे वेगळे नव्हते. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. ब्रिटिश सरकारने दुष्काळी कामे काढली, पण सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने मजुरी इतकी खाली आणली की दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि एक आणा मिळे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. बाईला आणि कामावरच्या पोरांना त्याहून कमी. एवढ्या अन्नावर माणूस माती वाहू शकतो का, हा हिशेब कागदावर झाला होता, पोटात नाही. त्या वेळी जोतीराव फुल्यांनी आणि सत्यशोधक समाजाने १८७७ साली पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम काढला. सावित्रीबाईंनी त्याच साली ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाचे वर्णन आहे. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण, म्हणजे खटाव तालुक्यातले. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, तेही सातारा जिल्ह्यातच. दुष्काळ कशाला म्हणतात हे या घराण्यांना सांगावे लागले नसेल.

आता या लेखातली आम्हाला सर्वांत जवळची गोष्ट. १९०१ साल. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे भिवा. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशियर होते. कसल्या कामावर? दुष्काळात माणसे मरत होती म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायचे काम काढले होते, त्या कामावर. म्हणजे रामजीबाबा दुष्काळी मजुरांचे पैसे सांभाळत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावले. भिवा, त्यांचे थोरले भाऊ आणि दोन भाचे अशी चार पोरे नवे कपडे घालून, टोप्या घालून साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरली. पत्र वेळेवर पोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तरला पोरांची जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. कुणी गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असा तोडगा निघाला.

पोरांजवळ शिदोरी होती. डबे भरलेले होते. वाटेत एका ओढ्याशी थांबून खायला बसले, तर पाणी शेणामुताने गढूळ झालेले, तोंडाला लावता येईना. रात्री टोलनाक्यावर पोचले. भिवाने आपण मुसलमान आहोत असे सांगून उर्दूत पाणी मागितले, तरी नाकेदाराने पाणी दिले नाही. भूक पेटलेली, डबे भरलेले, आणि पाणी नाही म्हणून पोरे उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला गोरेगावला पोचली.

बाबासाहेबांनी हे सगळे स्वतः लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिका म्हणून छापले. आम्ही ते मुलांना वाचून दाखवतो तेव्हा एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ही उपासमार दुष्काळाची नव्हती. अन्न पुढ्यात होते. दुष्काळात माणूस अन्न नाही म्हणून उपाशी राहतो. आपली माणसे अन्न असतानासुद्धा उपाशी राहिली. आणि मसूर ज्या कराड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात आगाशिवच्या डोंगरात आपली बौद्ध लेणी आहेत. तिथे भिक्खूंसाठी कातळात कोरलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. भारहुतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांत करहाटकचे, म्हणजे कऱ्हाडचे नाव कोरलेले आहे. ज्या मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी येणाऱ्याजाणाऱ्यासाठी दगडात पाणी साठवले, तिथे एका लहान पोराला घोटभर पाणी मिळाले नाही. सहलीला आगाशिवला जाताना हे पोरांना जरूर सांगावे.

भूक सोसून मान मिळवण्याचाही एक अध्याय आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेनंतर मेलेल्या जनावराचे मांस खायचे नाही, उष्टे-शिळे मागायचे नाही, असे गावोगाव ठरू लागले. हे आज एका ओळीत लिहिता येते. पण ज्या घरात वर्षातले कित्येक दिवस त्यावरच निघत होते, त्या घराने ते सोडले म्हणजे काय केले याचा विचार करावा. आमच्या एका आजोबांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे की त्या वर्षी त्यांच्या आईने अंबाडीची भाजी आणि कण्या यांवर घर चालवले. त्या बाईचे नाव कुठल्या इतिहासात नाही. गावाने बलुते बंद केले तरी ती मागायला गेली नाही.

१९३२ च्या उपोषणाबद्दल आम्ही थोडक्यात लिहितो, कारण त्याबद्दल आपल्या घरांत पुष्कळ बोलले जाते. २० सप्टेंबरला गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसले, २४ तारखेला पुणे करार झाला, २६ ला संत्र्याच्या रसाने उपोषण सुटले. आपले स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. कुणाच्या उपाशी राहण्याचे ओझे कुणाच्या डोक्यावर पडते, हे आपल्या समाजाने तेव्हा पाहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला बसले ते मंदिर आपल्याला खुले व्हावे म्हणून; त्यांच्या मनाबद्दल आम्हाला आदर आहे. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रहासारखे मार्ग सोडून दिले पाहिजेत. आमच्या ज्येष्ठांच्या उपोषणाबद्दल वस्तीत दोन मते होती आणि अजून आहेत. रस्ता झाला हे खरे आहे. नऊ दिवसांनी झाला, अर्जांनी झाला नाही, हेही खरे आहे.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतून उपास हळूहळू गेले. बावीस प्रतिज्ञांत उपासाचे नाव नाही. पण देवच सोडले तर उपाशी राहायचे कुणासाठी? तरी सगळे एका दिवसात झाले नाही. आमच्या घरातल्या बाया कितीतरी वर्षे नवरात्राचे नऊ दिवस धरत होत्या. दहाव्या दिवशी तिखट रस्सा आणि भाकरी खाऊन पोट धरून बसत होत्या. सासू म्हणायची, ‘बाई कडक आहे,’ आणि त्यालाच पुण्य समजले जायचे. आता उपास गेले, पण उपोसथ आला. वर्षावासात पौर्णिमा, अमावास्या, अष्टमीला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत जेवत नाहीत. हा उपास नव्हे, हे नव्या लोकांना समजावून सांगावे लागते. बारा वाजायच्या आत जेवायचे असते, आणि नीट जेवायचे असते. काही बाया सकाळीही काही खात नाहीत, जास्त पुण्य लागेल म्हणून. साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू असणाऱ्या एका उपासिका गेल्या वर्षावासात विहारातच चक्कर येऊन पडल्या. म्हणून पुढची गोष्ट सविस्तर लिहितो.

सिद्धार्थ गौतमाने उरुवेलेला सहा वर्षे देहदंड सोसला हे आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात तथागतांनी स्वतः त्याचे वर्णन केले आहे. अन्न कमी करत करत त्यांनी ते ओंजळभर कळणावर आणले. कशाचे कळण? मुगाचे, वाटाण्यासारख्या कडधान्यांचे, आणि कुलत्थाचे. कुलत्थ म्हणजे आपला हुलगा. माणदेशात आपण ज्याचे माडगे करतो तोच. आत्यांना हे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. पुढे अंग इतके झिजले की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे, अंगावरून हात फिरवला तर केस गळून येत. एवढे करून ज्ञान मिळाले नाही. मग त्यांनी जे केले ते आपल्या धम्माच्या इतिहासात फार मोठे आहे, आणि आपण ते एका वाक्यात उरकतो. त्यांनी जेवायला सुरुवात केली.

ही सोपी गोष्ट नव्हती. सोबतचे पाच परिव्राजक त्यांना सोडून गेले. गौतम खाण्यापिण्याच्या मागे लागला, भ्रष्ट झाला, असे त्यांना वाटले. उपाशी राहणाऱ्याला लोक मान देतात आणि जेवणाऱ्याला देत नाहीत, हे तेव्हाही होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी सुजातेच्या अन्नदानाचा प्रसंग दिला आहे. त्यानंतर त्यांनी आणखी एक तपशील दिला आहे, तो आम्हाला फार आवडतो. ध्यानाला बसण्यापूर्वी गौतमाने चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न जमवून ठेवले. आधी शिधा, मग ध्यान. आमच्या घरातल्या बाया खडी फोडायला जाताना असाच हिशेब करून निघत.

बुद्ध झाल्यावरही अन्नाबद्दलची ही समज त्यांच्यात दिसते. आळवी गावातला एक गरीब शेतकरी त्यांचे प्रवचन ऐकायला निघाला, पण त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उपाशीच सभेत पोचला. बुद्ध थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवायला घालायला सांगितले आणि तो जेवल्यावरच धम्म सांगितला. भिक्खू आपसात कुजबुजले, की असे कधी झाले नव्हते. तेव्हा भुकेल्या पोटी धम्म समजत नाही, अशा अर्थाचे तथागत बोलले. विनयात पेजेची, म्हणजे यागूची, स्तुती आहे. पेज भूक-तहान भागवते, वात सारते, पोट साफ करते, पचनाला मदत करते असे दहा गुण सांगितले आहेत. आणि कोसलचा राजा पसेनदी, जो पायलीभर भात खाऊन धापा टाकत बुद्धांकडे यायचा, त्याला एका दिवसात उपाशी ठेवले नाही. जेवताना मोजून खाण्याची आठवण रोज करून द्यायला त्याने एक तरुण नेमला आणि भात थोडा थोडा कमी केला. जास्त खाणाऱ्याला खाली आणायचे तेही हळूहळू.

दवाखान्यातल्या त्या प्रसंगानंतर आम्ही डॉक्टरांकडून समजून घेतले. माणूस पाच दिवसांपेक्षा जास्त जवळजवळ काहीच न खाता राहिला, की शरीर साखरेवर चालायचे सोडून स्वतःची चरबी आणि मांस जाळू लागते. आतला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम या क्षारांचा साठा रोडावतो, पण रक्ततपासणीत ते लगेच दिसत नाही. अशा माणसाला एकदम भात-गोडधोड दिले की शरीरात इन्सुलिन वाढते आणि रक्तात उरलेले क्षार पेशींत ओढले जातात. मग सूज येते, धाप लागते, हृदयाचा ठोका बिघडतो, भ्रम होतो. बी-१ हे जीवनसत्त्वही अशा वेळी कमी पडते. पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त देऊ नये, तेही दवाखान्याच्या देखरेखीत, असे ते म्हणाले. जगाला हे दुसऱ्या महायुद्धात महाग पडून कळले. १९४५ साली जर्मनीतली बेल्सनची छळछावणी इंग्रज फौजेने सोडवली, त्यानंतरही तिथली हजारो माणसे टायफसने आणि उपासमारीने मेली, आणि काही तर शिपायांनी दयेपोटी दिलेल्या जड अन्नाने. पुढे तिथे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले पातळ मिश्रण देऊन पाहिले, पण ते त्या लोकांना फार गोड लागले. त्याच सुमारास अमेरिकेत मिनेसोटाला ३६ तरुणांनी स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी राहून दाखवले. जेवण पुन्हा चालू झाल्यावरही कित्येकांची भूक महिनोन् महिने शमली नाही. स्वप्नातही अन्नच दिसे. हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या त्या आजोबांची आठवण झाली. नातवंडे नोकरीला लागली, घरात पोती आली, तरी ते रात्री उशाखाली भाकरीचा तुकडा ठेवून झोपत. आम्ही पोरे हसायचो.

विहार समितीने आता दोन गोष्टी ठरवल्या आहेत, त्या या निमित्ताने कळवतो. वर्षावासात अष्टशील घेणाऱ्यांनी सकाळी नाश्ता आणि बाराच्या आत जेवण घ्यायचेच. साखर, रक्तदाब असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच अष्टशील घ्यायचे. पंचशील पाळणाऱ्याचे पुण्य काही कमी नाही. आणि यापुढे वस्तीतले कुणीही उपोषणाला बसले, तर सोडवायच्या दिवशी ढोल-हलगीवाल्यांच्या आधी डॉक्टरांना सांगायचे.

ज्यांच्यापासून ही हकिकत सुरू झाली ते आपले ज्येष्ठ कार्यकर्ते दवाखान्यातून घरी आले तेव्हा आत्या स्वतः पितळी घेऊन त्यांच्या दारात गेल्या. डॉक्टरांनी काय काय चालेल ते लिहून दिले होते, ते सुनेने वाचून दाखवले. आत्यांनी ऐकून घेतले आणि पितळीवरचे झाकण काढले. आत हुलग्याचे पातळ कळण होते, मिठाचे, बिनतिखटाचे. ‘वरपून नाय प्यायचं, चमच्यानं,’ असे त्यांना बजावून आत्या समोरच उंबऱ्यावर बसल्या, पितळी रिकामी होईपर्यंत.